देवखोलीतलं बळद

ईट गावात चन्नम्माला सगळेच अक्का म्हणत. तिच्याहून वयानं मोठी माणसंही अक्काच म्हणत. पाठीमागं काय म्हणत ते म्हणोत, ती समोरून आली की पटका सावरून बाजूला होत. बाई होतीच तशी फटकळ. तागडीला बोट लावणाऱ्या व्यापाऱ्याला भर बाजारात झाडायची, आणि त्याच व्यापाऱ्याची सून बाळंत झाली की डिंकाचे लाडू घेऊन सगळ्यांच्या आधी दारात हजर. नवरा तापानं गेला तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. भावकीनं मनात धरून ठेवलं होतं, की आता ही माहेरची वाट धरील आणि रान आपल्याकडं येईल. ती कुठं गेली नाही. पदर खोचून उभी राहिली, गडी ठेवले, बैल स्वतः पारखून घेतले आणि पहिल्याच सालाला ज्वारी अशी काढली की भावकीचं तोंड बंद झालं.

तिला मूलबाळ नव्हतं. पण असं कुणी म्हटलं की ती उसळायची. "न्हाय कसं? माझा सिद्राम हाय की," म्हणायची.

सिद्रामप्पा हा तिचा धाकटा भाऊ. तिचं माहेर नळदुर्गाच्या अंगाला, जिथं एका वाक्यात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलतात. सिद्राम झाला आणि आई गेली, तेव्हा चन्नम्मा परकरात होती. पोराला कडेवर घेऊनच ती मोठी झाली. लग्न होऊन ईटला यायला निघाली तर गाडीतून उतरून बसली, की हा संगं आला तरच येते. नवरा शहाणा होता, त्यानं पोरालाही गाडीत घेतलं. म्हणजे सिद्रामप्पा याच घरात वाढला, याच ओसरीवर पडला-झडला, आणि देवखोलीत बहिणीच्या मांडीवर बसून लिंगपूजा शिकला.

शाळेत त्याचं मन लागलं नाही. गवंड्यांच्या मागं हिंडायचा, थापी चालवायचा, ओळंबा सोडून भिंत बघायचा. हातात कसब आलं आणि जिभेवर त्याहून जास्त आलं. कचेरीतल्या लोकांशी गोड उर्दू बोलून त्यानं आधी एका विहिरीचं काम मिळवलं, मग एका चावडीचं माळवद, मग ओढ्यावरचा लहानसा पूल. बघता बघता भूमला बिऱ्हाड केलं आणि लोक त्याला सिद्रामप्पा गुत्तेदार म्हणू लागले. गुत्तेदार म्हणजे ज्यानं सगळं काम एकट्यानं अंगावर घ्यायचं. दगड कुठून आला, सुतार कोण, चुना कुणी मळला, हे मालकानं विचारायचं नाही. चन्नम्माला केवढा अभिमान! भूमच्या बाजाराला गेली की तो पूल बघायला अर्धा कोस वाकडी वाट करायची आणि बरोबरच्या बायकांनाही करायला लावायची.

आता सांगायचं ते लढाईच्या दिवसांतलं. लढाई तिकडं कुठं जर्मनीत चालली होती कोण जाणे, पण तिची झळ ईटच्या कणगीपर्यंत येऊन पोचली. सरकारनं लेव्ही बसवली. पीक आलं का, किती आलं, हे कुणी विचारायचं नाही. रान किती ते बघायचं आणि तेवढं धान्य सरकारात भरून टाकायचं. पाऊस पडला नाही तर तो तुमचा आणि पावसाचा प्रश्न. पहिल्या साली चन्नम्मानं मुकाट्यानं भरलं. भादव्यात शाळू पेरायची वेळ आली तेव्हा घरात बियाणं उरलं नव्हतं. ज्या बाईच्या रानातली ज्वारी बघायला लोक यायचे, ती बाई दुसऱ्याच्या दारात बियाण्यासाठी उभी राहिली. त्या दिवसानं तिचा जीव पोळला. पुढच्या सालापासून बियाणं आणि वर्षाचं खाणं आधी घरात बाजूला पडेल, मग उरलेलं सरकारला, असं तिनं ठरवलं. तिच्या मते ही चोरी नव्हती, आणि माझ्याही मते नव्हती.

पण बाजूला ठेवायचं कुठं? अंगणात धान्यासाठी खणलेलं पेव सगळ्या गावाला ठाऊक. कणगी तर ओसरीवरूनच दिसते. तेव्हा तिच्या डोक्यात बळद आलं. बळद म्हणजे जाड भिंतीच्या पोटात सोडलेली धान्याची पोकळी. बाहेरून भिंतच दिसते. आणि जागाही तिनं अशी काढली की कुणाच्या स्वप्नात येऊ नये. देवखोलीची मागची भिंत. ज्याच्या अंगावर लिंग नाही त्यानं देवखोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्या घरचा सासऱ्यापासूनचा नेम. शेजारच्या गजराबाईचा चन्नम्माच्या घरात सकाळ-संध्याकाळ राबता, पण तीही देवखोलीच्या दाराशी थांबायची. तिथं कोण हात घालणार?

निमित्तही आयतंच होतं. मागचं माळवद गळत होतं आणि देवखोलीची भिंत बाहेरच्या अंगानं फुगली होती. घर दुरुस्तीला काढलं तर कुणाला नवल वाटणार नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की काम द्यायचं कुणाला.

ज्ञानोबा सुतार तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून घरचं काम करायचा. तिफण त्याची, गाडीचं चाक त्याचं, पाळणा हललाच असता तर तोही त्याचाच. सुगीला खळ्यावर त्याचं बलुतं ठरलेलं. घर दुरुस्तीला काढायचं म्हटल्यावर तो आपणहून येऊन ओसरीच्या पायरीवर बसला.

"अक्का, लाकडाचं म्या बघतो," तो म्हणाला. "भिंतीला पाथरूडचा गवंडी बोलवा, दगडाला वडार लावा. माळवदाची माती तुमचे गडीच टाकतील. सुटं सुटं काम करून घ्या. ज्याचं त्याला कळतंय, आन् तुमच्या डोळ्यापुढं व्हतंय."

"बघते मामा," चन्नम्मा म्हणाली.

तिनं खरंच पाहिलं. दोन दिवस तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. सुटे कारागीर म्हणजे काय, हे तिला न कळायला ती नवी नव्हती. गवंडी आला की दगड नसायचे, दगड आले की गवंडी जत्रेला गेलेला. सुताराला तुळई हवी तेव्हा भिंत अर्धी, आणि सगळ्यांच्या मागं हाका मारत फिरायचं तिनं. ते तिनं केलं असतं. पण गवंडी, वडार, सुतार आणि गडी, म्हणजे चार जणांची चार तोंडं झाली. एक पाथरूडच्या पारावर बोलणार, एक दारूच्या गुत्त्यावर. त्यापेक्षा सगळं काम एकाच्या अंगावर टाकलं तर तोंड एकच. आणि ते तोंड आपल्या भावाचं असलं तर मग बघायलाच नको. सुट्या माणसांपैकी कुणालाच पुरतं काही कळत नाही, तुकडा तुकडा कळतो, आणि जो एकटा सगळं बांधतो त्याला सगळं कळतं, ही साधी गोष्ट एवढ्या हुशार बाईच्या ध्यानात आली नाही. भावाचा प्रश्न आला की तिची हुशारी नेहमीच ओसरीवर राहायची.

तिनं भूमला निरोप धाडला. सिद्रामप्पा दुसऱ्याच दिवशी टांगा करून आला. सगळं ऐकून घेतलं, देवखोलीत जाऊन भिंतीवर थाप मारून पाहिली आणि हसला.

"अक्का, एवढंच ना? बाहेरचं काम माझी माणसं करतील. ह्या भिंतीला मात्र दुसऱ्याचा हात न्हाय लागायचा. म्या स्वतः बांधतो." मग गळ्यातलं लिंग हातात घेतलं. "ह्याच्या शपथेवर सांगतो, तुझ्या-माझ्याशिवाय तिसऱ्याला कळणार न्हाय."

शपथ तिनं मागितली नव्हती. उलट तिला ती जरा लागलीच. "माझ्यापाशी कसल्या शपथा घेतोस रे?" म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

चैत्रात काम निघालं. भूमहून सिद्रामप्पाचे गवंडी आले, सुतार आले, माती कालवणारी माणसं आली. जुनं माळवद उतरलं, किडकी तुळई निघाली, नव्या तुळया चढल्या. सगळं वेळच्या वेळी, कुणाच्या मागं हाक मारायला नको. चन्नम्मा गजराबाईला म्हणाली, गुत्तेदार गुत्तेदार म्हणून लोक नावं ठेवतात, पण बघ, मला एक दिवस उन्हात उभं राहावं लागलं नाही. गजराबाईनं नाक मुरडलं. तिचं म्हणणं, आपल्या गावचा सुतार दारात असताना बाहेरची माणसं आणली, हे बरं दिसत नाही.

ते चन्नम्मालाही टोचत होतं. ज्ञानोबा रोज समोरून जायचा आणि घराकडं न बघता जायचा. शेवटी तिनंच भावाला सांगितलं, की बळदाच्या तोंडावर देव बसवायचा जो कोनाडा, त्या देवळीची चौकट तरी ज्ञानोबामामाच्या हातची होऊ दे, त्याचा मान राहील. सिद्रामप्पा नको म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. देवखोलीत ज्ञानोबाला यायचं नव्हतंच. तिनं दोऱ्यानं माप घेतलं आणि अंगणात नेऊन दिलं. मागची फळी सरकती हवी, असंही सांगितलं.

ज्ञानोबानं दोरा हातात घेऊन तिच्याकडं पाहिलं. "देवळीला सरकती फळी कशापायी अक्का?"

"पूजेचं सामान ठेवायला," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. चौकट अशी सुरेख केली, वर वेल काढली, की सिद्रामप्पाच्या सुतारांनीही हात फिरवून पाहिली. चन्नम्मानं त्याला पागोटं दिलं. चार पैशाचं काम देऊन तिनं त्याचा मान राखला, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिनं त्याला पुढं ज्यात तो अडकणार होता तिथं नेऊन उभं केलं, पण ते कुणाला दिसणार?

आत देवखोलीत दार लावून सिद्रामप्पा एकटा भिंत बांधत होता. बऱ्याच वर्षांनी थापी हातात घेतलेली. घामानं निथळायचा. ती दार किलकिलं करून ताकाचा तांब्या आत सरकवायची आणि दगड बसल्याचा आवाज ऐकत तिथंच टेकायची. मनात म्हणायची, एवढा मोठा गुत्तेदार, पण बहिणीसाठी गवंडी झाला. तेव्हा तिच्याइतकं सुखी त्या गावात दुसरं कुणी नव्हतं.

भिंत वाळली. बियाण्याची ज्वारी आणि वर्षाचं खाणं बळदात गेलं, फळी सरकली, पुढं देव बसले. लेव्हीला तिनं उरलेलं भरलं आणि गावच्या चावडीवर हात जोडून सांगितलं, औंदा एवढंच पिकलं.

ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी लेव्ही वसूल करणारा गिरदावर घोड्यावरून आला. बरोबर दोन जवान, मागून तीन रिकाम्या गाड्या, आणि कपाळाला विभूती लावलेला एक चपराशी. चन्नम्मानं आधी गाड्याच पाहिल्या. रिकाम्या गाड्या घेऊन कुणी नुसतं विचारायला येत नाही.

गिरदावर मात्र आवाज न चढवता ओसरीवर बसला, पाणी प्यायला. कणगीत काठी घालून पाहिली नाही, पेवाचं तोंड उघडायला लावलं नाही, चुलीपाशी कुणाला पाठवलं नाही. फक्त म्हणाला, "बाई, फिकर करू नका. बेअदबी होणार न्हाय. तुमच्या देवाच्या खोलीत आमचा कोणी पाय ठेवणार न्हाय. हा शांतलिंग तुमच्यातलाच हाय, लिंगवाला. तो आंघोळ करून आत जाईल."

शांतलिंग आडावर गेला. अंगावर पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या, ओल्या धोतरानं आत आला, देवापुढं डोकं टेकलं. देव एकेक करून उचलले आणि पाटावर फडकं अंथरून त्यावर ठेवले. मग कुठंही न चाचपता फळी सरकवली. ज्वारी भुईवर सांडत राहिली, बराच वेळ सांडत राहिली.

आणि सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी चन्नम्माच्या मनात आलं ते असं, की बरं झालं, जवानांचे बूट आत आले नाहीत. तिला त्या गिरदावराबद्दल उपकार वाटले. घर लुटलं जात असताना माणूस कशाकशाचे आभार मानतो!

गाड्या भरू लागल्या तसं दारात गाव जमलं. गजराबाई सगळ्यांच्या पुढं. "कुणी सांगितलं गं अक्का? देवाच्या मागं हाय हे कुणाला ठावं?" आणि मग तिलाच आठवलं. "चौकट कुणी केली? सरकत्या फळीची चौकट केली कुणी?"

गर्दीत ज्ञानोबा होता. लोकांनी त्याला पुढं ढकललं. काम बाहेरच्या सुतारांना गेलं म्हणून याच्या पोटात दुखलं, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, औंदा खळ्यावर ह्याला मूठभर देऊ नका. चन्नम्मा उंबऱ्यात उभी होती. तिला दुसरं कुणी सुचलंच नाही. दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट फुटली, त्यातली एक ती स्वतः, तरी दुसऱ्याचं नाव तिच्या मनाला शिवलं नाही.

"ज्ञानोबा," ती म्हणाली. मामा म्हणाली नाही. "तू विचारलं व्हतंस मला. फळी सरकती कशाला म्हणून. तूच सांगितलंस."

म्हाताऱ्याच्या तोंडाचा रंग उतरला.

तेवढ्यात शांतलिंग हात धुऊन ओसरीवर आला आणि तिच्याकडं पाणी मागितलं. आपल्यातला माणूस म्हणून तिनं तांब्या दिला, आणि देवाला हळू हात लावलास, बरं केलंस, असंही म्हणाली. तो पोरगेलाच होता, भोळा. त्याला बोलल्याशिवाय राहवलं नाही, गलक्यात तिलाच ऐकू येईल असा म्हणाला.

"त्यात माझं काय बाई? तुमचा भाऊ लई मायेचा. सिद्रामप्पा. कचेरीत त्यांनी साहेबांचे पाय धरले, की जागा दाखवतो, पन माझ्या अक्काचा देव बाटू देऊ नका, लिंगवाला माणूसच आत घाला, आन् आंघोळ करून घाला. पुन्हा पुन्हा बजावलं त्यांनी. असा भाऊ मिळायला नशीब लागतंय."

चन्नम्मानं तांब्या परत घेतला. त्यात पाणी उरलं होतं ते तिनं तुळशीला नेऊन घातलं. ती काय करते आहे हे तिचं तिलाच कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. गावाला तिचा देव बाटला काय आणि न बाटला काय. ही एवढी काळजी जगात एकाच माणसाला असणार, आणि त्याला ती काळजी तिनंच शिकवली होती, मांडीवर बसवून.

अंगणात ज्ञानोबाचं पागोटं कुणीतरी उडवलं होतं. त्यानं ते उचललं नाही. तिच्याकडं बघून तो म्हणाला, "अक्का, तुमच्या सासऱ्यापासून म्या ह्या घरचं करतोय. त्या खोलीत म्या कधी आलोय का? भिंत उभी का आडवी, ते तरी बघितलंय का? तुमीच सांगा."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. शांतलिंगचं बोलणं तिनं एकटीनंच ऐकलं होतं. तो गाड्यांबरोबर गेला असता, ज्ञानोबाचं बलुतं बुडालं असतं, आणि सिद्रामप्पा गुत्तेदाराचं नाव तसंच उजळ राहिलं असतं. तिला नवरा नव्हता, लेकरू नव्हतं. माहेर म्हणून एवढं एकच नाव होतं. ते चारचौघांत टाकलं की तिचं म्हणायला कुणी उरत नव्हतं.

तिनं उंबऱ्याला हात टेकला. "ज्ञानोबामामा न्हाय," ती म्हणाली. मग मागच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली. "मामांनी न्हाय सांगितलं. माझ्या भावानं सांगितलं. सिद्रामनं."

गजराबाईनं तोंडाला पदर लावला. ज्ञानोबानं पागोटं उचललं, झटकलं आणि डोक्याला गुंडाळत निघून गेला. त्यानंतर तो कामाला येत राहिला, तिफण भरून दिली, गाडीचं चाक बसवून दिलं. पण तो ओसरीच्या पायरीवर पुन्हा बसला नाही. अंगणातूनच हाक मारायचा, आणि हाक मारताना अक्का म्हणायचा नाही, चन्नम्माबाई म्हणायचा.

तिच्यावर खटला झाला नाही. गावात याचंही नवल झालं. गाड्या गेल्या, प्रकरण मिटलं. कणगीतली ज्वारी आषाढात संपली. ज्या बाईनं अर्ध्या गावाला बाळंतविडे पुरवले, ती संध्याकाळी पदराखाली सूप घेऊन गजराबाईच्या मागच्या दारानं जाऊ लागली. गजराबाई शहाणी, मोजून देत नसे आणि बोलतही नसे.

श्रावण आला. दरवर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी सिद्रामप्पा मुराळी म्हणून यायचा आणि अक्काला टांग्यात बसवून भूमला न्यायचा. औंदा तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण टांग्याची घंटा वाजली आणि तो आला. हातात इरकली लुगडं होतं. चेहरा मात्र रुसलेला, लहानपणी खेळात हरल्यावर व्हायचा तसा.

ओसरीवर बसला आणि लुगडं बाजूला ठेवून म्हणाला, "अक्का, तू चारचौघांत माझं नाव घेतलंस म्हणं."

तिनं लुगड्याकडं पाहिलं, पण हात लावला नाही.

"तुला काय वाटलं, मला सुख झालं? गोदामाचं काम निघालंय, लेव्हीच्या धान्याचं. मोठा गुत्ता हाय. साहेब म्हनले, ईटमधी धान्य कुठं दडलंय ते एक घर दाखव, मग बोलू. आता परक्याचं घर कसं दाखवू अक्का? त्यांच्यावर खटला झाला असता, तुरुंग झाला असता, पोरंबाळं उघड्यावर पडली असती. त्यांचे तळतळाट कोन घेनार? तुझं म्हंजे आपलं. तुझ्यावर खटला होऊ दिला न्हाय. तुझा देव बाटू दिला न्हाय. पाय धरले म्या साहेबांचे. आन् तू मला गावापुढं उघडं पाडलंस. मला लई लागलं अक्का."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट. तिनं त्याला लहानपणापासून ओळखलेलं. खोटं रडायचा तेव्हा तो नाक चोळायचा. आत्ता चोळत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं, की दगा त्याला झाला.

चन्नम्मानं मनात किती दिवस बोलणं जुळवून ठेवलं होतं. शपथेचं विचारणार होती, ताकाच्या तांब्याचं विचारणार होती. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. म्हणाली एवढंच, "देव सांभाळलास सिद्राम. मला सांभाळायचं कुणी रे?"

तो जानव्यासारखा लिंगाचा दोरा बोटात गुंडाळत बसला. मग म्हणाला, "सकाळधरनं उपाशी हाय अक्का."

ती उठली. आजवर तिनं कुणाला उपाशी परत पाठवलं नव्हतं. चूल पेटवली, भाकरी थापली, वर लसणाची चटणी आणि तेल. ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं पहिला घास घेतला आणि चेहरा जरा निवळला.

"भाकर गोड हाय. आपल्या रानातली?"

"गजराबाईच्या घरून आणलेलं पीठ हाय," ती म्हणाली. "उसनं."

घास त्याच्या तोंडात थांबला. तिला वाटलं, आता हा ताटावरून उठेल. त्या घटकेला तिला बाकी काही नको होतं, लुगडं नको, ज्वारी नको, माफी सुद्धा नको. त्यानं एवढा घास ताटात परत ठेवावा, एवढंच तिचा जीव मागत होता.

त्यानं घास गिळला. पाण्याचा घोट घेतला, चटणीत बोट फिरवलं, आणि मान खाली घालूनच दुसरी भाकरी मागितली.

तिनं दिली.